ग्रोझ्दानाची तिसरी म्हातारी

ग्रोझ्दाना स्तोयिल्कोविचची स्तुती तिच्या तोंडावर करू नये. ती लगेच उठते आणि स्तुती करणाऱ्याच्या घरची भांडी घासायला लागते. म्हणून मी हे कागदावर लिहून मोकळी होते.

वय अठ्ठावन्न, उंची बेताची, हात मात्र एखाद्या धिप्पाड माणसाचे. आमची लोकरीची गिरणी चालू होती तेव्हा ती तिथं मागावर होती. गिरणी बंद पडली आणि आमचं अर्धं लेस्कोवत्स गाव घरी बसलं. पुरुष नदीकाठच्या बाकांवर जाऊन बसले, ते अजून तिथंच आहेत. तिचा नवरा ब्लागोये त्यांतलाच एक. स्वभावानं चांगला, बाकी सांगण्यासारखं काही नाही. बायकांनी मात्र जिला जे सुचलं ते केलं. कुणी मिरच्या भाजून बरण्या भरल्या आणि विकल्या, कुणी इटलीत जाऊन तिथल्या म्हाताऱ्या सांभाळल्या. ग्रोझ्दानाला इटालियन येत नव्हतं, म्हणून तिनं इथल्याच सांभाळल्या.

आमच्याकडे याची एक रीत आहे आणि ती नोटरीसमोर सही करून पाळली जाते. म्हातारं माणूस एकटं असतं, त्याला घर असतं, मूल नसतं किंवा असून नसल्यासारखं असतं. मग ते शेजारपाजारच्या कुणाशी तरी करार करतं. मी मरेपर्यंत तू मला सांभाळ, खाऊ घाल, धू-पूस कर, शेवटी रीतसर मूठमाती दे. मग घर तुझं. मी आयुष्यभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. त्यातली बरीचशी समीकरणं या करारापेक्षा अवघड होती. यात खोट एवढीच की एका बाजूचा फायदा दुसरी बाजू संपल्यावर सुरू होतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, आणि तरी रोज सकाळी दोघांना एकाच टेबलावर कॉफी प्यायची असते.

बहुतेक लोक हे काम बेताबेतानं करतात. कुणी कुणाला मारत नाही, पण फार जगवतही नाही. खिडकी उघडी राहून जाते. औषध उद्यावर जातं. डॉक्टरांना उगाच कशाला त्रास, असं होतं. गल्लीला हे कळतं आणि गल्ली त्यावर बोलत नाही, कारण निम्म्या घरांत मागच्या खोलीत कुणीतरी असतंच.

ग्रोझ्दानाला हे जमत नाही. तिला काम वाईट करताच येत नाही, मग ते तिच्या फायद्याचं असो वा नसो.

तिची पहिली म्हातारी पेर्सिदा. डॉक्टर म्हणाले होते, हा हिवाळा निघाला तर नशीब. पेर्सिदानं दहा हिवाळे काढले आणि शेवटचे दोन तर स्वतः अंगणातला बर्फ लोटत काढले. दुसरा निवृत्त हवालदार तासा. त्याचं एक फुप्फुस गेलेलं, दुसरं तंबाखूनं भरलेलं, आणि रक्तात राकिया, आमची फळांची दारू. ग्रोझ्दानाच्या हाताखाली त्याची राकिया सुटली, गाल वर आले, आणि ऐंशीव्या वर्षी त्यानं अकॉर्डियन शिकायला घेतलं. ते त्याला शेवटपर्यंत आलं नाही. गल्लीनं ते सगळं ऐकलं. लोक ग्रोझ्दानाला म्हणायचे, "अगं, थोडी ढिलाई कर, आमच्यासाठी तरी." ती म्हणायची, "थांबा, सूप उतू जातंय," आणि धावत जायची.

पेर्सिदाच्या घरात ती आज राहते. तासाचं घर तिच्या मुलीच्या लग्नात गेलं. तिसरी कोसारा. तिचं घर ठरलं होतं ग्रोझ्दानाच्या मुलासाठी, दालिबोरसाठी.

कोसारा गिरणीत कापड तपासायची. ठाणाठाणावरून बोट फिरवायची आणि जिथं धागा चुकला तिथं नाव घेऊन ओरडायची. लग्न केलं नाही. तेही बहुधा तपासूनच. करार झाला तेव्हा दालिबोर पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जात होता. आता तो तिशीला आलाय, मिशी ठेवतो, आणि त्याचं लग्न चार वर्षांपासून ठरलेलं आहे. त्याची होणारी बायको दर भेटीत विचारते, "मावशींची तब्येत कशी आहे?"

"छान आहे," ग्रोझ्दाना सांगते.

"अरेरे," ती म्हणते. मग म्हणते, "म्हणजे, वा."

एक्याण्णव वर्षांची कोसारा आरामखुर्चीत बसून हे ऐकते आणि भिंतीकडे बघून हसते.

त्या भिंतीपलीकडे वृद्धाश्रम आहे. बुदिमिर नावाच्या माणसाचा. तो पंचवीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलं चालवून परत आला आणि त्यानं चाळीस खाटा मांडल्या. लोक हसले. आमच्याकडे आईबापाला आश्रमात ठेवणं म्हणजे गावभर तोंड काळं करून फिरणं. तरी चाळीसच्या चाळीस खाटा भरल्या. ठेवणारे सगळे दुसऱ्या गावचे निघाले, किंवा तसं सांगत होते. मागच्या शरदात बुदिमिरनं जाहीर केलं की तो आणखी चाळीस खाटांची नवी इमारत बांधणार. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रस्ता, मागे दफनभूमी. उरलं कोसाराचं घर.

घर कोसाराचं, पण त्यावर ग्रोझ्दानाच्या कराराची नोंद. दोघींनी मिळून करार मोडला तरच ते विकता येणार. सगळ्या विस्ताराची किल्ली अशी ग्रोझ्दानाच्या एप्रनच्या खिशात जाऊन पडली.

वॉर्डाच्या कार्यालयात सभा भरली. अध्यक्षस्थानी चेदोमिर, त्याच्या मागच्या खोलीत दोन म्हातारे आहेत, एक करारावर आणि एक तोंडी. शेगडी धुमसत होती. बुदिमिरनं पुठ्ठ्याची इमारत करून आणली होती, तिला हिरव्या स्पंजाची झाडं लावलेली.

"माझा आक्षेप ॲम्ब्युलन्सला," झागोर्का उठून म्हणाली. तिचं घर आश्रमासमोर, आणि तिला बोलायला आवडतं. "भोंगा वाजला की माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात."

"आमच्याकडे ॲम्ब्युलन्स भोंगा न वाजवता येते, बाई," बुदिमिर म्हणाला.

"ते तर आणखी वाईट. म्हणजे घाई उरलेली नाही, हे सगळ्यांना कळतं."

मग सांडपाण्याची नळी निघाली. मग गाड्या कुठं लावायच्या ते निघालं. मग एक जण म्हणाला, लहान मुलांनी रोज इतके म्हातारे बघितले तर त्यांच्या मनावर परिणाम होईल.

"तुला रोज बघतात," मी म्हटलं. "काही झालं का?"

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका, तुम्हाला यात काही नाही."

"मला यात काही नाही म्हणूनच बोलते. सरळ सांगा ना! आश्रमात खाट सहज मिळायला लागली, तर म्हातारे तुमच्याशी करार कशाला करतील? झागोर्का, तुझ्या मागच्या खोलीतला मामा काय म्हणतो?"

"मामा झोपलाय," झागोर्का म्हणाली.

चेदोमिरनं शेगडीत लाकूड घातलं. मग ग्रोझ्दाना उठली. ती सभेत कधी बोलत नाही, त्यामुळे लोक मागे वळून बसले.

"तिथं आठवड्यातून एकदा आंघोळ घालतात," ती म्हणाली.

"दोनदा," बुदिमिर म्हणाला.

"तेच," ती म्हणाली आणि खाली बसली.

सभेनं विस्ताराला एकमतानं विरोध केला. मी हात वर केला नव्हता, पण चेदोमिरनं मला मोजलंच नाही.

बुदिमिर हुशार माणूस. सभेनंतर त्यानं पुठ्ठ्याची इमारत काखेत मारली आणि थेट ग्रोझ्दानाकडे गेला. म्हणाला, करार मोडायला हो म्हण. स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट देतो, दालिबोरच्या नावावर, लिफ्टसकट. कोसाराबाईंना आश्रमात पहिली रिकामी होणारी खाट, जन्मभर, काही न घेता. नवी इमारत झाली की तिथं तळमजल्यावरची खोली.

ग्रोझ्दाना म्हणाली, नाही.

दालिबोरला हे त्याच्या बापाकडून बाकावर कळलं. तो घरी आला तो थेट आईवर. चौदा वर्षं तू त्या म्हातारीला तूप-लोणी चारून जगवलंस, ते ठीक. आता कुणी आयतं घर देतंय तरी नाही! मग मी चाललो स्लोवाकियाला, मोटारींच्या कारखान्यात, तिथं आमच्या वर्गातले सहा जण आहेत. त्यानं बॅगही आणली. चाकांची, निळी. ती दारात उभी करून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. गल्लीतून येणारा-जाणारा विचारायला लागला, "कधी निघतोय?" ग्रोझ्दाना रोज सकाळी बॅगेखालची फरशी पुसायची आणि बॅग परत तिथंच ठेवायची.

मी गेले तिच्याकडे. मला असल्या गोष्टी लांबलेल्या सहन होत नाहीत. ती कोसाराच्या स्वयंपाकघरात होती, सफरचंदं सोलत. आतल्या खोलीचं दार उघडं, आत कोसारा.

"तुला मुलासाठी घर हवं होतं ना?" मी म्हटलं.

"हो, बाई."

"ते मिळतंय. म्हातारीला खाट मिळतेय. पोरगा राहतोय. मग घोडं अडलंय कुठं?"

"मावशींना तिथं कोण धुणार?"

"पगारी माणसं."

"पगारी माणसं," ती म्हणाली. सुपात केस सापडावा तसा तिनं तो शब्द उचलून बाजूला ठेवला. "त्यांना डावीकडून उठवावं लागतं. तिथं उजवीकडून उठवतील."

"मग सांग त्यांना."

"सांगितलेलं माणूस विसरतं. केलेलं विसरत नाही." तिनं सालीची लांब पट्टी ताटलीत सोडली. "आणि लोक काय म्हणतील? दोघांना त्यांच्या त्यांच्या दारातून बँड लावून दफनाला नेलं आणि तिसरीच्या वेळी हात टेकले. एक्याण्णवची झालेली, थोडीशीच राहिलेली, आणि ग्रोझ्दा कंटाळली. फ्लॅट दिसला आणि टाकून आली आश्रमात."

"चार दिवस म्हणतील."

"बाई, गिरणीत माझं एकही ठाण कधी परत आलं नाही. एकही. विचारा मावशींना, त्याच तपासायच्या."

तेव्हा मला कळलं की मी उगाच आले. मला वाटत होतं ही घरासाठी अडून बसलीय. सगळ्या गल्लीला तेच वाटत होतं. घर तिच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं. तिला तिसरं ठाणही बिनचूक उतरवायचं होतं, बस. त्यासाठी पोरगा स्लोवाकियाला गेला असता तरी तिनं बॅगेखालची फरशी पुसली असती.

"मला कुणी विचारणार आहे का?" आतून कोसाराचा आवाज आला.

"हो मावशी, झालंच, आणते," ग्रोझ्दाना म्हणाली आणि तिनं सफरचंदं शिजायला टाकली.

नोव्हेंबरात आश्रमाची स्लावा आली. स्लावा म्हणजे घराच्या संताचा दिवस. आमच्याकडे तो घरांना असतो तसा शाळांना असतो, दुकानांना असतो, पोलीस चौकीलाही असतो. बुदिमिरनं आश्रमासाठी आपल्या वडिलांचाच संत घेतला होता, मिखाईल देवदूत. गल्लीचं मन वळवावं म्हणून त्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. विरोध करणाऱ्यांनी जावं की नाही यावर चर्चा झाली. डुक्कर भाजणार आहेत असं कळल्यावर सगळे गेले.

आणि सगळे दारातच अडकले.

त्याचं झालं असं. स्लावेला घरात शिरताना दारात तबक धरतात. त्यात झितो असतो, म्हणजे उकडलेला गहू, साखरेत आणि अक्रोडात घोळलेला. तो चमचाभर घेतल्याशिवाय आत जायचं नसतं. नाही घेतला तर ते घरमालकाच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं. पण हा गहू आहे मेलेल्यांच्या नावाचा. मिखाईल देवदूत मेलेला नाही. देवदूत मरत नाहीत. त्यामुळे त्याच्या स्लावेला आमच्याकडे कुणी झितो करत नाही. शेंबडं पोरही सांगेल. बुदिमिरला स्वित्झर्लंडमध्ये त्याचा विसर पडला असावा आणि त्याची स्वयंपाकीण होती उत्तरेकडची.

रांगेत पहिला चेदोमिर. त्यानं सवयीनं छातीवर क्रूसाची खूण केली, चमचा उचलला आणि थांबला.

"हे काय आहे?"

"झितो," स्वयंपाकीण म्हणाली.

"आज?"

"स्लावा आहे ना."

"देवदूताची."

"हो."

"तो जिवंत आहे."

"कोण?"

"देवदूत."

स्वयंपाकिणीनं मागे बुदिमिरकडे बघितलं. बुदिमिरनं नेकटाय सारखा केला. "आमच्याकडे करतात," ती म्हणाली.

"तुमच्याकडे म्हणजे कुठं?"

"नोवी सादला."

चेदोमिरनं मान हलवली, सगळा उलगडा झाल्यासारखी. पण चमचा खाली ठेवला नाही आणि गव्हातही घातला नाही. त्याच्यामागे सगळी गल्ली थंडीत उभी. आत जाता येईना, परत जाता येईना. डुकराचा वास येत होता.

पाद्रीबाबा पुढं आले आणि म्हणाले की चर्चची याला काही हरकत नाही, ही बायकांची समजूत आहे. झागोर्का म्हणाली, "मग घ्या ना चमचा, पाद्रीबाबा." पाद्रीबाबा म्हणाले की त्यांनी सकाळीच दुसरीकडे घेतलाय.

आतून कुणीतरी रडल्याचं ऐकू आलं. दारातून दिसत होतं. चाळीस म्हातारी माणसं स्वच्छ कपडे करून लांब टेबलांना बसलेली, प्रत्येकापुढं गव्हाची वाटी, आणि कुणी हात लावत नव्हतं. "आपलं आधीच उरकून घेतायत," एक आजोबा शेजारच्याला सांगत होते.

"बघितलंत?" झागोर्का रांगेला म्हणाली. "जिवंतांना गहू घालणारी ही माणसं. यांना आणखी चाळीस खाटा हव्यात."

रांगेत होकार उमटला. मला वाटतं, सभेत जे झालं नव्हतं ते इथं झालं. विरोध खरा झाला. बुदिमिरचा चेहरा तबकातल्या गव्हासारखा दिसायला लागला होता.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. ग्रोझ्दाना कोसाराला खुर्चीतून ढकलत आणत होती. कोसारानं येण्याचा हट्ट धरला होता आणि ग्रोझ्दाना तिला कशालाच नाही म्हणत नसे. तीन शाली, पायाशी गरम पाण्याची पिशवी, डोक्याला इस्त्रीचा रुमाल. रांग दुभंगली.

"कोण गेलं?" कोसारानं विचारलं.

"कुणी नाही, मावशी," चेदोमिर म्हणाला.

"मग वाटेत असे का उभे?"

त्यानं सांगितलं. कोसारानं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला.

"आण इकडे."

"मावशी, त्यात साखर आहे," ग्रोझ्दाना म्हणाली.

कोसारानं एक चमचा खाल्ला. सावकाश चावला, कापडावर बोट फिरवायची तशी जीभ फिरवली. मग दुसरा खाल्ला. मग तिसरा, आणि तो रीतीत बसत नाही.

"अक्रोड खवट नाहीत," ती म्हणाली. "गहू थोडा कच्चा आहे. मला आत न्या."

आत खिडकीपाशी एक जाड भिंगांची म्हातारी बसली होती. ती ओरडली, "आज खाल्लास, उद्या मरशील बघ!"

"मेले तर तू बरोबर," कोसारा म्हणाली. "नाही मेले तर माफी मागशील का?"

"तुझी? हावरट कुठली! तीन चमचे!"

"तू मोजत बसलीस? तुला दिसतं तरी का त्या भिंगांतून?"

मी कोसाराला चाळीस वर्षं ओळखते. गिरणी बंद झाल्यापासून तिचे गाल असे लाल झालेले मी बघितले नव्हते. त्या दोघींचं जुंपलं ते जेवणभर चाललं. गहू, भिंगं, कुणाचा बाप कुठल्या गावचा, युद्धात कुणी किती बटाटे खाल्ले. दोन्ही बाजूंना माणसं बसली आणि त्यांनी पक्ष घेतले. मध्येच एका आजोबांनी आपल्या वाटीतला गहू खाऊन टाकला, वादात लक्ष नसताना. मग बाकीच्यांनी खाल्ला. मग दारातल्यांनी. डुक्कर चांगलं भाजलं होतं.

जेवण आटोपल्यावर ग्रोझ्दानानं शाली गोळा केल्या. "चला मावशी."

"नाही," कोसारा म्हणाली. "मी इथं राहणार."

"थकलात तुम्ही."

"बघा!" कोसारानं काठी जमिनीवर आपटली. "तिला विचारा, मी कधी चुकले ते. विचारा कुणीतरी!"

बुदिमिर भोळेपणानं म्हणाला, "कधी चुकल्या?"

"कधीच नाही," ग्रोझ्दाना म्हणाली.

"चौदा वर्षं! मी म्हणते, आज बुधवार. ही म्हणते, हो मावशी. असतो शनिवार. मी म्हणते, सूप जळलंय. ही म्हणते, हो मावशी, आणि दुसरं करून आणते. जळलेलं नव्हतं! मी मुद्दाम म्हटलं होतं! ही मला धुते, पुसते, दोन्ही बाजूंनी इस्त्री करते, आणि मी कपाटातल्या चादरीसारखी घडी होऊन पडलेली. दाराशी कुणी येत नाही. कशाला येतील, ग्रोझ्दा आहे ना! मला कुणीतरी खोटी ठरवायला हवंय. ही भिंगवाली चालेल." तिनं दम घेतला. "आणि झागोर्का, तू सगळीकडे सांगणार आहेसच, तर नीट सांग. ग्रोझ्दानं मला टाकलं नाही. मी हिला टाकतेय."

झागोर्कानं मान डोलावली. इतकी मोठी जबाबदारी तिच्यावर आधी कुणी टाकली नव्हती.

ग्रोझ्दाना शाली छातीशी धरून उभी होती. तिचं ठाण परत आलं होतं, सगळ्या गल्लीसमोर, आणि दोष काय तर विणकामात एकही चूक नाही.

"तुम्ही चुकताय, मावशी," ती म्हणाली.

"उशीर झाला, पोरी," कोसारा म्हणाली.

त्या दिवशी तिला घरीच न्यावं लागलं, कारण आश्रमात खाट रिकामी नव्हती. पुढचे काही आठवडे ग्रोझ्दानानं सगळं पूर्वीसारखंच केलं, फक्त बोलणं थांबवलं. गल्लीत कुणी तिला बोल लावला नाही. झागोर्कानं आपलं काम चोख केलं होतं, पार बाजारातल्या कसायानंही मला विचारलं, "कोसारानं ग्रोझ्दाला काढून टाकलं म्हणे?" वॉर्डाचा विरोध आपोआप बसला. पुढच्या सभेला चेदोमिरनं फक्त सांडपाण्याच्या नळीचा व्यास विचारला.

नाताळाआधी एक खाट रिकामी झाली. कशी, ते कुणी विचारलं नाही.

नोटरीकडे मी साक्षीदार म्हणून गेले. बुदिमिर होता, दालिबोर होता, फ्लॅटची कागदपत्रं तयार होती. नोटरी तरुण बाई, आवाज एकसुरी. तिनं करार मोडण्याचा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. तसा कायदाच आहे. मग विचारलं, "कोसाराबाई, हे तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करताय?"

"हो, आणि लवकर करा, तिथं बाराला जेवण असतं."

"ग्रोझ्दानाबाई, तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करताय?"

"नाही," ग्रोझ्दाना म्हणाली.

नोटरीनं पेन खाली ठेवलं. "मग मला हे करता येणार नाही."

बुदिमिर माझ्याकडे बघायला लागला, दालिबोर छताकडे.

"का नाही?" कोसारानं विचारलं.

"कारण तिथं कुणी तुमच्याकडे बघणार नाही," ग्रोझ्दाना म्हणाली. "कारण तुम्ही हट्टी आहात आणि आयुष्यभर तशाच होता. त्या दिवशी बुधवारच होता. मी कॅलेंडर बघितलं होतं. तुम्हाला वाटलं मला शनिवार माहीत असून मी हो म्हटलं, पण बुधवारच होता!"

"शनिवार!"

"बुधवार! आणि सूपही जळलं होतं. थोडं. मीच जाळलं होतं."

"खोटारडी! मला काय चव कळत नाही?"

"नाही कळत! तो झितो कच्चा नव्हता!"

नोटरीनं घड्याळाकडे बघितलं. मी तिला हातानं खूण केली, थांब म्हणून. दोघी कराराच्या पहिल्या वर्षापासून सुरू झाल्या आणि एकेक वर्ष करत पुढं आल्या. कोसारा खुर्चीत ताठ बसली होती. ग्रोझ्दाना उभी होती, ते मोठे हात कमरेवर. मी त्या हातांना असं बिनकामाचं पहिल्यांदाच बघत होते. अखेर दोघींचा दम एकाच वेळी संपला.

नोटरीनं परत विचारलं, "ग्रोझ्दानाबाई, स्वतःच्या इच्छेनं?"

"हो," ग्रोझ्दाना म्हणाली. "पण त्या चुकतायत, हेही लिहा."

"तसं लिहिता येत नाही."

"मग तोंडी सांगते."

तिनं सही केली, कोसाराच्या शाली खोचल्या, दालिबोरला खुर्चीला हात लावू दिला नाही आणि पायऱ्यांवरून स्वतःच उलटी उतरली. बाजारातून आश्रमापर्यंत चांगलाच लांबचा रस्ता आहे. सगळ्या रस्ताभर ती खुर्ची ढकलत सांगत होती, मावशी कुठंकुठं चुकल्या ते, आणि कोसारा पुढं बघत, दर थोड्या वेळानं काठी आपटून ओरडत होती, "साफ खोटं! पुढं बोल!"